खोलीचं तापमान वजा करून वाचा

विदर्भात कूलर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो खिडकीबाहेर टांगलेला लोखंडी डबा. तीन बाजूंना गवताच्या ताट्या, तळाशी पाणी, आणि त्यात घरघरणारा टुल्लू पंप. त्यामुळे मागच्या मे महिन्यात पुतण्याचा फोन आला, "काका, कूलर बदलाव लागते," तेव्हा मला वाटलं, पंप जळला असेल. तो बोलत होता कॉम्प्युटरमधल्या कूलरबद्दल.

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात तो सेवा केंद्र चालवतो. दिवसा सातबारा, पीक विमा, पोरांचे दाखले. लग्नसराईत रात्री लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देतो. तो सांगत होता, "व्हिडिओ रेंडरला लावला का मशीन ९४ दाखवून रायली. जळन का? अन् तो स्क्रीनवाला कूलर घेऊ का, ज्याच्यावर आकडा दिसते?"

९४ म्हणजे प्रोसेसरचं तापमान, अंशांत; आणि रेंडर म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची पक्की फाइल तयार करणं. दोन्ही प्रश्न रास्त होते. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात दडलेलं आहे, म्हणून आधी उष्णतेकडे पाहू.

त्याच्या मशीनमध्ये इंटेलचा आय-५ १२४०० प्रोसेसर आहे. कंपनी त्याची मूळ वीज ६५ वॅट सांगते आणि जोरात चालताना ११७ वॅटपर्यंत जाऊ देते. प्रोसेसर घेतो ती जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. बोर्ड दुरुस्त करताना आपण वापरतो ते साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि त्याच्या टोकाशी कथील वितळतं. इथे त्याच्या चौपट वीज अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात मुरते. ही उष्णता तिथून पटकन उचलून मोठ्या जागेत पसरवायची आणि हवेच्या हवाली करायची, एवढंच कॉम्प्युटरमधल्या हवेवर चालणाऱ्या कूलरचं, म्हणजे एअर कूलरचं काम.

उचलण्याचं काम करतात तांब्याच्या नळ्या, म्हणजे हीट पाइप. उभ्या टॉवर कूलरमध्ये अशा चार किंवा सहा नळ्या वाकवून बसवलेल्या दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, तांबं उष्णता चांगली वाहून नेतं म्हणून त्या तांब्याच्या आहेत. ते खरं असलं तरी खरी गंमत आत आहे. नळी पोकळ असते. आतली हवा काढून त्यात थोडंसं पाणी ठेवतात आणि दोन्ही तोंडं कायमची बंद करतात. हवेचा दाब नसल्यामुळे हे पाणी चाळीस-पन्नास अंशांनाही झपाट्यानं वाफ होतं. प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ तयार होते, ती वरच्या थंड टोकाकडे धावते, तिथे नळ्यांवर ओवलेल्या पातळ पत्र्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते. नळीच्या आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं ते पाणी त्या थरातून परत खाली येतं. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी हा हीट पाइप विकसित केला, आणि पुढे तो अंतराळयानांतही गेला.

हे वाचताना खिडकीतला कूलर आठवला असेल तर अगदी बरोबर आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते. गवताच्या ताटीवर ओघळणारं पाणी ती उष्णता बाहेरच्या हवेतून घेतं, म्हणून आत गार वारा येतो. हीट पाइपमधलं पाणी ती प्रोसेसरकडून घेतं. फरक एवढाच की खिडकीतल्या कूलरचं पाणी उडून जातं आणि संध्याकाळी बादलीनं भरावं लागतं. नळीतलं पाणी तेच ते, वर्षानुवर्षं फिरत राहतं. हिशेब करून पाहिला, तर ६५ वॅट वाहून न्यायला मिनिटाला जेमतेम दीड ग्रॅम पाण्याची वाफ पुरते. चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा! मला हे दर वेळी नव्यानं थोर वाटतं.

आता आकड्याकडे येऊ. एअर कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा गार कधीच करू शकत नाही, कारण उष्णता शेवटी त्याच हवेत सोडायची असते. ठरावीक काम, ठरावीक फॅनचा वेग असेल, तर प्रोसेसर खोलीपेक्षा साधारण ठरावीक अंशांनी वर राहतो. समजा हा फरक ४० आहे. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असेल तर आकडा दिसेल ६२. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४५ आणि पत्र्याखालच्या खोलीत ४२ असतं, तेव्हा तोच कूलर तेच काम करून ८२ दाखवेल. कूलर बिघडलेला नाही, ऋतू बदलला. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ वर गेला होता. अशा दिवशी गार देशात बसून केलेल्या चाचणीचे आकडे आपल्याला थेट लागू होत नाहीत. कूलर निवडताना चाचणीतला फरक पाहायचा आणि त्यात आपल्या खोलीचं मे महिन्यातलं तापमान मिळवायचं.

पुतण्याच्या ९४ मधून खोलीचे ४१ वजा केले, उरले ५३. त्याच्या प्रोसेसरची मर्यादा १०० आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःच वेग कमी करून उष्णता आवरतो, आणि तरीही आवरलं नाही तर मशीन बंद पडते. "जळणार नाही," मी त्याला सांगितलं, "पण रेंडर रेंगाळेल, आणि फॅन रात्रभर बोंबलत राहील." प्रोसेसरसोबत आलेल्या बुटक्या कूलरऐवजी टॉवर कूलर घ्यायचा, हे नक्की झालं.

मग स्क्रीन. डीपकूल कंपनीचा एके४०० डिजिटल किंवा थर्मलराइट कंपनीचे डिजिटल टॉवर पाहिले तर खालचा सांगाडा ओळखीचाच असतो: नळ्या, पत्रे, १२० मिलिमीटरचा फॅन. टोकावरच्या झाकणात आकडे उमटणारा छोटा फलक असतो, त्यावर प्रोसेसरचं तापमान दिसतं, आणि तो किती टक्के कामात आहे तेही. हा फलक स्वतः काहीच मोजत नाही. तापमान मोजणारे सेन्सर प्रोसेसरच्या पोटातच असतात. कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर ते वाचतं आणि मदरबोर्डावरच्या यूएसबी जोडणीतून फलकाकडे पाठवतं. म्हणून सॉफ्टवेअर चालू नसेल तर फलकावर आकडा येत नाही. हे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजपुरतंच असतं, लिनक्सवाल्यांना हौशी लोकांनी लिहिलेले प्रोग्राम शोधावे लागतात. आणि स्क्रीनमुळे गारवा तसूभरही वाढत नाही. तोच आकडा एचडब्ल्यूइन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर मॉनिटरवर दाखवतं.

तरीही मी त्याला स्क्रीनवालाच घे म्हणालो. दिवसभर काउंटरवर माणसं उभी असतात, त्यात तो वेगळी खिडकी उघडून तापमान बघणार नाही. समोर दिसणारा आकडा मात्र येताजाता वाचला जातो. ज्याचं कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, टेबलाखाली असतं किंवा चारही बाजूंनी पत्र्याचं असतं, त्यानं हा खर्च करू नये. तेच पैसे दोन नळ्या जास्त असलेल्या साध्या कूलरला किंवा कॅबिनेटच्या मागच्या फॅनला द्यावेत.

घेण्याआधी पट्टीनं एक माप घ्यायला लावलं. एके४०० डिजिटलची उंची १५५ मिलिमीटर आहे. अरुंद कॅबिनेटमध्ये एवढी जागा नसते, मग बाजूचं झाकण लागतच नाही. दुसरं, बोर्डावर ९ पिनची यूएसबी जोडणी मोकळी हवी. स्वस्त बोर्डावर ती एखाददुसरीच असते आणि कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीनं आधीच अडवलेली असू शकते. गावाकडे जुने सेकंडहँड बोर्ड पुष्कळ चालतात, त्यामुळे सॉकेटही, म्हणजे प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा, विचारून घ्यावं. इंटेलच्या ११५० ते १२०० सॉकेटमध्ये स्क्रूच्या छिद्रांतलं अंतर ७५ मिलिमीटर आहे, १७०० मध्ये ७८. त्या तीन मिलिमीटरपायी हिंगणघाटची एक चक्कर वाया जाते. आणि आतलं दाखवणारी काच साधारण कॅबिनेटच्या डाव्या अंगाला असते. म्हणजे कॅबिनेट आपल्या उजव्या हाताला ठेवलं तरच आकडा दिसेल. पुतण्यानं ते टेबलाखालून काढून काउंटरवर उजवीकडे घेतलं. जमिनीवरच्या धुळीतूनही सुटका झाली, ती वेगळीच.

त्यानं आणखी एक गोष्ट विचारली: खिडकीतल्या कूलरची ओली हवा मशीनला बाधेल का? मशीन हवेपेक्षा गरम असते, त्यामुळे तिच्यावर दव धरत नाही. उलट फायदाच. बाहेर ४४ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या ताटीला हवा गार करण्याची शेवटची हद्द २३ अंशांच्या आसपास पडते. चांगली ताटी ही वाट तीन चतुर्थांश चालते, म्हणजे येणारा वारा २८-२९ अंशांचा. त्यानं खोली दहा अंशांनी उतरली की स्क्रीनवरचा आकडाही जवळपास दहानं उतरतो. फक्त झोत थेट कॅबिनेटवर नको. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे तुषार बोर्डावर वाळले की पांढरे डाग पडतात आणि पिना गंजतात.

नवा कूलर बसल्यावर त्यानं भिंतीवर एक साधं थर्मामीटर लावलं आणि कॅलेंडरवर रेंडरच्या वेळचे दोन आकडे लिहू लागला, स्क्रीनवरचा आणि खोलीतला. जूनमध्ये ७२ आणि ३८, फरक ३४. मग पाऊस लागला, आकडे उतरले, आणि तो निर्धास्त झाला.

जानेवारीत मी गेलो तेव्हा स्क्रीनवर ६८ होते. "उन्हाळ्यापेक्षा कमीच हाय ना काका," तो म्हणाला. भिंतीवर २४. फरक ४४ झाला होता. आम्ही मशीन बंद केली, फॅनच्या तारेच्या क्लिपा काढल्या. फॅनमागे पत्र्यांच्या तोंडावर करड्या रंगाचा एक थर चिकटला होता, घोंगडीच्या तुकड्यासारखा, नखानं उचलला तर अखंड निघाला. त्यात धूळ होती, पण जास्त होता कापूस. हंगामभर जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या केंद्रासमोरूनच जातात आणि त्यांच्यातून उडणारा तंतू फॅन दिवसरात्र ओढत होता. रंगाच्या ब्रशनं पत्रे झाडले. फॅनची पाती बोटानं धरून ब्लोअर मारला, कारण वाऱ्यानं भरधाव फिरवली तर बेअरिंग खराब होतं. परत जोडून तोच व्हिडिओ लावला आणि वीस मिनिटं थांबलो. स्क्रीनवर ५९ आले, भिंतीवर २५.

त्यानं कॅलेंडरवर ३४ लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.