पावसाळी मनाई आणि दोर टाकणारे

महूकडच्या धबधब्यांवर मनाईचा आदेश निघाला की इंदूरच्या भटक्यांत जुनाच वाद पेटतो: जीव आमचा, मग अडवणारे तुम्ही कोण?

गिर्यारोहणात हा प्रश्न उलट्या बाजूने विचारला गेला: मरणाऱ्याला वाचवायला इतरांनी थांबायला हवं की नको? १९९६ साली एव्हरेस्टवर मरणाच्या दारातल्या भारतीय गिर्यारोहकांना ओलांडून परदेशी तुकडी शिखरावर गेल्याचा आरोप झाला. तुकडीने तो फेटाळला. २००६ मध्ये तिथेच मरणाच्या दारातल्या एका इंग्रज गिर्यारोहकाजवळून सुमारे ४० जण पुढे गेले. पण आठ हजार मीटरवर दुसऱ्याला खाली आणणं बहुधा शक्यच नसतं. माळव्याच्या दऱ्यांत अडकलेल्यापर्यंत पोचता येतं, म्हणून कुणीतरी उतरतंच.

जुलै २०११ मध्ये महूजवळच्या पातालपाणी धबधब्यावर एका कुटुंबातले पाच जण लोंढ्यात सापडले, तिघे गेले. ते चित्रण देशभर दिसलं. १५ ऑगस्ट २०१८ ला ग्वाल्हेर-शिवपुरीच्या सीमेवर सुलतानगढ धबधब्यावर नदी अचानक फुगली. काही जण वाहून गेले, चाळीसच्या वर खडकावर अडकले. हेलिकॉप्टरने मोजक्यांना उचललं आणि अंधार पडला. पुढचं काम रात्री दोर घेऊन झालं, त्यात गावकरी पुढे होते.

सगळी भांडणं मात्र ज्याखाली ही मनाई निघायची त्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १४४ वर. ते दंगलीसाठी आहे, सहलीला कसं लावता, हा भटक्यांचा ठरलेला आक्षेप (रविवारचे पोहे-जलेबी आटोपून निघणाऱ्यांचाही). तो टिकत नाही. माणसाच्या जिवाला धोका हे कारण कलमातच लिहिलेलं होतं. अडचण दुसरीच आहे. असा आदेश एरवी दोनच महिने चालतो आणि माळव्यात पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत. त्यामुळे तो पुन्हा काढावा लागतो. मधल्या काळात फलक तेवढा उरतो. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम १६३ झालं, मुदत तीच राहिली.

प्रशासनाला मनाई स्वस्त पडते हे खरंच. पण भटक्यांच्या 'जीव आमचा' या हिशेबातही खाली उतरणारा गावकरी धरलेला नसतो. आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे. त्याला काढायला गेलेल्याचा पाय मोडला तर काय, यावर आदेश गप्प असतो. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी २०१९ ची तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे आणि ती रस्ते अपघातापुरतीच आहे.