बारा मात्रा आणि सरकणारी टाळी

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यावरून जाताना शेजारशेजारच्या दोन मागांकडे कान द्या. समजा, एकाचा धोटा मिनिटाला १२० वेळा फेकला जातोय आणि दुसऱ्याचा, पट्टा किंचित घसरत असल्यामुळे, ११८ वेळा. दोघांचे खटके जुळतात, मग त्यांच्यात फट पडते. ती वाढत जाऊन एकाचा खटका दुसऱ्याच्या ऐन मध्यावर येतो, तेव्हा लय दुप्पट झाल्यासारखी वाटते. दर ३० सेकंदांनी पुन्हा जुळणी.

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांना हाच प्रकार १९६५ मध्ये दोन टेपरेकॉर्डरांवर सापडला. एकाच ध्वनिमुद्रणाचे दोन सारखे तुकडे पुन्हापुन्हा फिरत होते आणि यंत्रांचा वेग तंतोतंत सारखा नव्हता. १९६७ च्या ‘पियानो फेज’ या रचनेत त्यांनी तो माणसांच्या हाती दिला. बारा स्वरांची एकच ओळ दोघे वाजवतात. एक जण लय सोडत नाही, दुसरा अगदी हळू वेग वाढवत बरोबर एक स्वर पुढे जातो आणि तिथे स्थिरावतो. या सरमिसळीतून कानाला अशा चाली ऐकू येतात, ज्या दोघांपैकी कोणीच वाजवत नसतं. या तंत्राला फेजिंग म्हणतात.

घरी करून बघायला राइश यांचंच १९७२ चं, फक्त टाळ्यांचं ‘क्लॅपिंग म्युझिक’ सोपं. सोपं म्हणजे वाद्य लागत नाही, एवढंच! बारा मात्रांत आठ टाळ्या (‘–’ म्हणजे रिकामी मात्रा):

टा टा टा – टा टा – टा – टा टा –

पहिला शेवटपर्यंत हेच वाजवतो. दुसरा ठरावीक आवर्तनं, म्हणजे बारा मात्रांच्या फेऱ्या, त्याच्याबरोबर वाजवतो आणि मग थेट एक मात्रा पुढे सरकतो, म्हणजे आपल्या ओळीची पहिली मात्रा शेवटी टाकतो:

टा टा – टा टा – टा – टा टा – टा

इथे पियानोसारखं हळूहळू सरकणं नाही. असं बारा वेळा सरकलं की दोघे पुन्हा एकत्र.

ठेक्याची निवड इथे फार महत्त्वाची. ‘टा टा टा –’ हा चार मात्रांचा तुकडा तीनदा घेतला असता, तर चार सरकण्यांतच सगळं मूळपदावर आलं असतं. राइश यांच्या ओळीत असा पोटतुकडा नाही, म्हणून बाराही जोड्या वेगळ्या. चार रिकाम्या जागा ३, २, ३, ४ अशा असमान अंतरांवर आहेत. कागदावर मांडून मोजा. पहिल्या, सहाव्या आणि अकराव्या सरकण्यावर दोघांच्या रिकाम्या जागा कुठेच जुळत नाहीत. बाराही मात्रा भरतात, शांतता उरतच नाही. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या वेळी मात्र दोन मात्रा रिकाम्या आणि सहा टाळ्या एकदम पडतात. पोत बदलतो तो इथून.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा सरकण्याच्या क्षणी. दुसऱ्याला थांबावंसं वाटतं आणि पहिला नकळत त्याच्या मागे ओढला जातो. तबल्याची सवय असलेल्यांना बारा मात्रा म्हटल्या की एकताल आठवतो. ते समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, जोर देतात आणि सरकल्यावरही जुनीच सम धरून बसतात. जोर सगळ्या टाळ्यांवर सारखाच हवा. नादही सारखा हवा. एकाचा तळवा पोकळ, दुसऱ्याचा सपाट असेल, तर कान दोन माणसं वेगळी काढतो आणि मधला तिसरा ठेका उमटत नाही.

सुरुवात मिनिटाला १८० मात्रांनी करा, म्हणजे एक आवर्तन चार सेकंदांत होईल. जोडीदार नसेल तर मूळ ओळ मोबाइलवर पाच मिनिटं रेकॉर्ड करून तिच्यावर सराव करता येतो. मात्र ब्लूटूथ नको, वायरचा इअरफोन घ्या. या वेगाला एक मात्रा सेकंदाचा तिसरा हिस्सा असते, त्यामुळे आवाज थोडा उशिरा आला तरी फरक पडतो. सराव स्वतः रेकॉर्ड करून तपासायचा असेल, तर ब्लूटूथच्या उशिरामुळे बरोबर पडलेली टाळीही चुकलेली दिसते.