छाती वाढवणारं औषध आणि दुखणं दाबणारं औषध: रेसलर नेमके कशाने गेले?

नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्या कुणाच्याही दप्तरात डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीची ट्रम्प कार्डं सापडायची. वर फोटो, खाली आकडे: रँक, उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या फाइट्स. आम्ही 'छाती' म्हणायचो आणि समोरच्याचं कार्ड उचलायचो. पुढे त्या कार्डांवरची माणसं एकेक करून जायला लागली. रिक रूड १९९९ मध्ये, चाळिशीत. ब्रिटिश बुलडॉग २००२ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी. मिस्टर परफेक्ट २००३ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, "स्टेरॉइड घेत होता, जाणारच." मीही कित्येक वर्षं तेच म्हणत होतो. मिस्टर परफेक्टच्या मृत्यूचं अधिकृत कारण कोकेनची विषबाधा होतं, हे मला फार उशिरा कळलं. मग बाकीच्यांची कारणं शोधून वाचली आणि लक्षात आलं, की दोन अगदी वेगळ्या जातीची औषधं आपण एकाच शब्दात कोंबतो.

एक जात शरीर वाढवणाऱ्यांची, म्हणजे अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडची. पुरुषांच्या शरीरात मुळातच असणाऱ्या टेस्टोस्टेरॉनची ही भावंडं. (दम्याच्या पंपातलं औषध किंवा कोविडमध्ये दिलेलं डेक्सामेथासोन हेही स्टेरॉइडच, पण ते कुळ निराळं. त्याने दंड वाढत नाहीत.) दुसरी जात दुखणं दाबणाऱ्यांची. हायड्रोकोडोन, ऑक्सिकोडोन या अफूच्या कुळातल्या गोळ्या, सोबत कॅरिसोप्रोडॉल ही स्नायू सैल करणारी गोळी आणि झोपेसाठी डायझेपामसारखं काहीतरी. कार्डावरची छाती आणि दंड पहिल्या औषधाचे. लढलेल्या फाइट्सचा आकडा दुसऱ्याचा.

तो आकडा आम्ही कधी नीट वाचलाच नाही. निकाल आधी ठरलेला असतो म्हणून पडणंही खोटं, असं आपण धरून चालतो. रिंगचा तळ म्हणजे लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि ताणून बांधलेलं कॅनव्हास. रेसलर पाठीवर आपटतो त्याला 'बंप' म्हणतात. हनुवटी छातीला लावायची, हात पसरायचे आणि मार सगळ्या पाठीवर वाटून घ्यायचा. तंत्राने मार वाटला जातो, नाहीसा होत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मोठे रेसलर वर्षातल्या दोनशे-अडीचशेहून जास्त रात्री हे करत. रोज नवं शहर, रोज गाडी किंवा विमान, आणि हंगाम संपून विश्रांती असा प्रकारच नाही. कागदोपत्री ते कंपनीचे नोकर नव्हते, स्वतंत्र कंत्राटदार होते. आजारपणाचा विमा स्वतःचा स्वतः बघायचा. गुडघा दुखतो म्हणून घरी बसलं, तर आपल्या जागी दुसरा उभा राहतो ही धास्ती कायम. अशा माणसाला रात्री गोळीशिवाय झोप लागत नाही, यात व्यसनाची हौस कुठे आहे?

आता ही दोन औषधं माणसाला मारतात कशी, ते बघू. मला सर्वात महत्त्वाचा फरक इथेच वाटतो.

स्टेरॉइड सावकाश मारतं. दंडासारखाच हृदयाचाही स्नायू जाड होतो, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्यांत थर साचतो. यातलं काहीच दुखत नाही. उलट आरशात माणूस तगडा दिसत असतो. वर्षांनुवर्षं हे चालतं आणि एक दिवस हृदय थांबतं. गोळ्यांचं तसं नाही. त्या एका रात्रीत मारू शकतात. अफूच्या कुळातलं औषध मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या केंद्राला मंद करतं. झोपेची गोळी आणि स्नायू सैल करणारी गोळी त्यालाच आणखी खाली ढकलतात, वर दारू असली तर विचारायलाच नको. हॉटेलच्या खोलीत माणूस घोरतोय असं वाटतं, म्हणून कुणी उठवत नाही. शिवाय शरीर सरावतं. काल दोन गोळ्यांत भागलं, आज चार लागतात. कर्ट अँगलने १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये मान दुखावलेली असताना खऱ्या कुस्तीचं सुवर्णपदक जिंकलं होतं. पुढे रिंगमध्ये आल्यावर तीच मान पुन्हा पुन्हा मोडली आणि दिवसाला पासष्ट गोळ्यांपर्यंत आपण पोचलो होतो, असं त्याने स्वतःच सांगितलं आहे. तो वाचला. अँड्र्यू मार्टिन, रिंगमधला 'टेस्ट', वाचला नाही. मार्च २००९ मध्ये तो गेला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. कारण ऑक्सिकोडोनचा अतिरेक. त्याचं ते अवाढव्य शरीर आठवून लोक तेव्हाही स्टेरॉइडच म्हणाले.

दोन्ही वाटा नेहमी इतक्या वेगळ्या राहत नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उमागा छत्तिसाव्या वर्षी गेला. बातमीत 'हृदयविकाराचा झटका' होतं, आणि झटक्याचं कारण होतं हायड्रोकोडोन, कॅरिसोप्रोडॉल आणि डायझेपाम यांची मिळून झालेली विषबाधा. हृदयविकार वाचला की स्टेरॉइड, असा हिशोब इथे साफ चुकतो.

एक औषध दुसऱ्याकडे ढकलतं ते वेगळंच. स्टेरॉइडने स्नायू भराभर वाढतो, पण त्याला हाडाशी बांधणारा कंडरा त्या वेगाने मजबूत होत नाही. तो फाटतो. शिवाय सव्वाशे-दीडशे किलोंचं शरीर रोज आपटायचं, म्हणजे गुडघे आणि कंबर जायचेच. मग गोळी आली. ब्रिटिश बुलडॉगची, म्हणजे डेव्ही बॉय स्मिथची, गोष्ट मला यासाठीच विसरता येत नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये रिंगच्या तळात दुसऱ्या एका रेसलरला नाट्यमय प्रवेश करता यावा म्हणून चोरदरवाजा बसवला होता. डेव्ही बॉय नेमका त्याच्यावर पाठीवर आपटला. मणक्याला इजा, मग संसर्ग, महिनोन्‌महिने दवाखाना आणि त्यातून वेदनाशामकांचं व्यसन. चार वर्षांनी तो गेला तो मात्र हृदयाने. शवविच्छेदनात हृदय वाढलेलं आढळलं आणि पूर्वीच्या स्टेरॉइडचा त्यात वाटा असू शकतो असं म्हटलं गेलं. म्हणजे पाठीचं दुखणं एका औषधाकडे घेऊन गेलं आणि मरण बहुधा दुसऱ्याने आणलं.

१९९१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या डॉ. जॉर्ज झाहोरियनला रेसलरना स्टेरॉइड पुरवल्याबद्दल शिक्षा झाली. १९९४ मध्ये कंपनीचे मालक व्हिन्स मॅकमहन यांच्यावर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. त्या सगळ्या गदारोळाचा केंद्रबिंदू स्टेरॉइड होता. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर रीतसर मिळत होत्या, त्यांच्याकडे बघायला कुणाला सवडच नव्हती. मोठी मरणं त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतली आहेत. २०१४ मध्ये अमेरिकन संशोधकांनी १९८५ ते २०११ या काळातले ५५७ रेसलर तपासले. ६२ मृत्यू झाले होते, त्यातले ४९ पन्नाशीच्या आत. सर्वात मोठं कारण हृदयविकार.

क्रिस बेन्वाबद्दल लिहिताना हात जड होतो. जून २००७ मध्ये त्याने बायको आणि सात वर्षांच्या मुलाला मारून स्वतःला संपवलं. घरात स्टेरॉइड सापडल्याबरोबर 'रॉइड रेज', म्हणजे स्टेरॉइडमुळे चढणारा संताप, हा शब्द सगळीकडे झाला. हत्यांमागे स्टेरॉइड होतं असा पुरावा नाही, असं जॉर्जियाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितलं. नंतर त्याचा मेंदू तपासला गेला. डोक्याला वारंवार मार बसून होणारा 'सीटीई' हा आजार इतका पसरला होता, की तपासणाऱ्यांनी त्या मेंदूची तुलना अल्झायमर झालेल्या पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या मेंदूशी केली. चाळीस वर्षांचा होता तो. सीटीईमुळेच हे घडलं असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण स्टेरॉइडवर बोट ठेवलं आणि तिथेच थांबलं असतं, तर डोक्यात मारलेल्या खुर्च्यांचा हिशोब कुणी मागितलाच नसता. टेस्टच्या मेंदूतही पुढे हाच आजार सापडला.

औषध सोडल्यावर काय, हाही फरक आहे. अफूच्या कुळातल्या गोळ्या सोडताना अंग मोडून येतं, झोप उडते, पण त्या सुटल्या की त्या रात्रीपुरता श्वास सुरक्षित असतो. धोका घसरण्यात आहे, कारण सवय मोडलेल्या शरीराला जुना डोस झेपत नाही. स्टेरॉइड थांबवल्यावर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन लगेच परत येत नाही, मन खचतं. आणि रक्तवाहिन्यांत जे साचलं ते तिथेच राहतं.

एडी गरेरोने दारू आणि गोळ्या दोन्ही सोडल्या होत्या. चार वर्षं तो त्यापासून लांब होता, त्याबद्दल जाहीरपणे बोलायचा. १३ नोव्हेंबर २००५ च्या सकाळी मिनियापोलिसच्या हॉटेलात तो बेशुद्ध सापडला, वय अडतीस. शवविच्छेदनात निघाल्या त्या आजारी झालेल्या हृदयाच्या रक्तवाहिन्या. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २००६ मध्ये, कंपनीने औषधांच्या चाचण्या आणि हृदयाची तपासणी सुरू केली.