गळू : जोखीम घटक व उपद्रव

केसाच्या मुळाशी असलेल्या पुटकाला (पिशवीसारख्या खळग्याला) व भोवतालच्या ऊतकांना येणारा, पू धरणारा खोल शोथ (दाहयुक्त सूज) म्हणजे गळू किंवा केसतूड. लगतच्या अनेक पुटकांत तो पसरून अनेक तोंडांनी पू वाहू लागला, म्हणजे त्यास काळपुळी म्हणतात. बहुतेक गळवे स्टॅफिलोकॉकस ऑरियस या पुंजगोलाणूमुळे (घोसासारख्या पुंजक्यांत राहणाऱ्या गोल जंतूमुळे) होतात. १८८५ मध्ये कार्ल गारे या स्विस शल्यचिकित्सकांनी या जंतूचे संवर्ध (प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू) स्वतःच्या हाताच्या निरोगी त्वचेवर चोळले, तेव्हा काही दिवसांत तेथे गळवे व काळपुळी उठली. जंतूच्या प्रवेशास उघडी जखम लागतेच असे नाही, केवळ घर्षणही पुरते, हे या प्रयोगातून दिसले. काख, मान, जांघ व कुल्ले येथे गळवे अधिक का होतात, याचा उलगडाही त्यातून बऱ्याच अंशी होतो.

सुमारे ३० टक्के लोकांच्या नाकपुड्यांत हा जंतू कोणताही त्रास न देता राहतो. वारंवार गळवे होणाऱ्यांत हे वाहकत्व विशेष महत्त्वाचे ठरते. घरातील बाधित व्यक्तीचा निकट सहवास, सामाईक टॉवेल व वस्तरे, इसब, खरूज, स्थूलता आणि प्रतिकारशक्तीतील दोष हे अन्य घटक होत. मधुमेहाविषयी मात्र मतभेद आहेत. जुन्या ग्रंथांत तो गळवांचे प्रमुख कारण मानला जाई. परंतु गळू झालेल्या बहुसंख्य व्यक्ती अन्यथा निरोगी असतात, त्यामुळे मधुमेहाचा संबंध मुख्यतः काळपुळीशी व विकार चिघळण्याशी जोडणे अधिक युक्त दिसते.

सामान्यतः गळू पिकून फुटते, मधली मृत ऊतकाची खीळ निघून जाते आणि व्रण भरून येतो. जवळच्या लसीका ग्रंथी सुजून अवधाण येणे हा नेहमीचा, सौम्य उपद्रव होय. नाक व वरचा ओठ यांवरील गळू मात्र धोक्याचे असते, कारण तेथील शिरा डोळ्याच्या शिरांमार्फत कवटीतील कॅव्हर्नस सायनस या शिरानालाशी (मेंदूच्या तळाजवळील, शिरांतील रक्त वाहून नेणाऱ्या पोकळीशी) जोडलेल्या असतात. या शिरांना झडपा नसल्याने संसर्ग आत शिरतो, असे स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले गेले. अलीकडील शारीरीय अभ्यासांत तेथे झडपा आढळल्या असून, शिरांची परस्परजोडणी व रक्तप्रवाहाची दिशा यांनाच आता अधिक महत्त्व दिले जाते. स्पष्टीकरण कोणतेही मानले, तरी असे गळू कदापि दाबून फोडू नये. शिरानालात रक्ताची गुठळी झाल्यास तीव्र डोकेदुखी, पापण्यांची सूज व डोळा पुढे येणे ही लक्षणे दिसतात आणि तातडीने उपचार न झाल्यास मृत्यू ओढवू शकतो.

जंतू रक्तात शिरल्यास हृदयाच्या झडपांचा शोथ, अस्थिमज्जाशोथ किंवा मणक्याजवळ पू साचणे संभवते. त्वचेवरील गळू बरे झाल्यानंतर काही आठवड्यांनीही हे उद्भवू शकते. म्हणून ताप व पाठदुखी घेऊन आलेल्या रुग्णास अलीकडे गळू झाले होते काय, हे विचारणे आवश्यक असते.