थंड देशातील केळीचा हिवाळा

इंग्लंडच्या आग्नेय भागात, ईस्ट ससेक्स परगण्यात, ग्रेट डिक्स्टर नावाची एक जुनी बाग आहे. १९९३ साली तिचे मालक आणि ख्यातनाम उद्यानतज्ज्ञ ख्रिस्तोफर लॉइड यांनी तेथील जुनी गुलाबबाग मोडली आणि तिच्या जागी केळी, कर्दळी, डेलिया अशा भरघोस पानाफुलांची, उष्ण प्रदेशाचा भास करून देणारी बाग उभी केली. ही जागा मुंबईच्या सुमारे बत्तीस अंश उत्तरेला आहे आणि हिवाळ्यात तेथे रात्रीमागून रात्री दहिवर गोठते. तरीही तेथे आणि इंग्लंडमधील इतर कितीतरी परसबागांत दर उन्हाळ्यात केळी पुरुषभर उंचीच्या वर जातात. हे कसे साधते, याचे उत्तर केळीच्या शरीररचनेत आहे.

केळीचे जे खोड आपण पाहतो ते खरे खोड नव्हे. पानांच्या देठांचे तळाकडील पन्हाळीसारखे भाग एकात एक घट्ट गुंडाळले जाऊन तो खांब तयार होतो, म्हणून त्याला आभासी खोड म्हणतात. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद, आणि ज्या बिंदूतून नवी पाने जन्म घेतात तो वाढबिंदू या कंदाच्या माथ्यावर, जवळजवळ मातीच्या पातळीला असतो. तेथे तयार झालेले प्रत्येक पान सुरळी होऊन खोडाच्या मध्यातील पोकळीतून वर चढते आणि शेंड्याला उलगडते. निसवणीची, म्हणजे घड बाहेर पडण्याची, वेळ आली की मात्र हाच बिंदू फुलोऱ्यात बदलतो आणि खोडाच्या आतून वर सरकतो. तोपर्यंत केळीचा जीव जमिनीलगत सुरक्षित असतो. आंब्याचा किंवा पपईचा शेंडा गोठला तर वाढीचा तो बिंदूच जातो. केळीची सगळी पाने काळी पडली, खोड लोळागोळा झाले, तरी कंद शाबूत असेल तर झाड मेलेले नसते.

पानांचे असे का होते, तेही समजून घेण्यासारखे आहे. थंड प्रदेशातील वनस्पती शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागताच पेशींतील शर्करेचे प्रमाण वाढवतात, पेशीपटलांतील स्निग्धद्रव्यांची रचना बदलतात आणि गोठणे सोसण्याची तयारी करतात. केळीला ही कला अवगत नाही. तापमान दहा अंश सेल्सियसच्या आसपास उतरले की तिची वाढ जवळपास थांबते, आणि शून्याखाली गेले की पेशींच्या मधल्या जागेत बर्फ तयार होऊ लागतो. हा बर्फ पेशींतील पाणी बाहेर ओढून घेतो, पेशीपटले फाटतात आणि सकाळी ऊन पडले की पान उकडलेल्या पालेभाजीसारखे मऊ होऊन लोंबते. त्यात केळीचे पान रुंद आणि आकाशाकडे उघडे असते. निरभ्र रात्री ते आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होते. म्हणून हवेचे तापमान शून्याच्या थोडे वर असतानाही पानावर दहिवर गोठू शकते.

ही गोष्ट जळगावच्या केळी बागायतदारांना समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे कडाक्याच्या थंडीत पारा दहा अंशांच्या खाली जातो तेव्हा नवी पाने निघण्याचा वेग मंदावतो, निसवण लांबते, कधी घड खोडातच अडकतो. शेतकरी रात्री विहिरीचे पाणी देतात, कारण ते हवेपेक्षा उबदार असते, आणि बांधावर धूर करतात. खानदेशातील या युक्त्या आणि ससेक्समधील माळ्याच्या युक्त्या एकाच भौतिकशास्त्रावर आधारलेल्या आहेत. फरक इतकाच की जळगावला घड वाचवायचा असतो, तर इंग्लंडमध्ये केवळ झाड.

इंग्लंडमधील बागांत सर्वाधिक लावली जाते ती मुसा बाश्यू ही जात. तिला जपानी केळ म्हणतात, पण तिचे मूळ दक्षिण चीनमध्ये आहे. जपानी भाषेत या झाडाला ‘बाशो’ म्हणतात, आणि सतराव्या शतकातील थोर हायकूकार बाशो यांनी आपल्या झोपडीजवळ शिष्याने लावून दिलेल्या केळीवरूनच हे नाव घेतले होते. या जातीची फळे बियांनी भरलेली आणि खाण्यास निरुपयोगी असतात. तिचा गुण तिच्या कंदात आहे. जमिनीवर पालापाचोळ्याचा वीतभर किंवा त्याहून जाड थर असेल तर हवा उणे दहा अंशांपर्यंत उतरली तरी हा कंद बहुधा तग धरतो आणि वसंतात भोवती मुनवे, म्हणजे कंदातून निघणारी नवी पिले, फुटतात.

परंतु केवळ कंद वाचवला तर झाडाला दर वर्षी जमिनीपासून सुरुवात करावी लागते. उंची टिकवायची असेल तर खोडही वाचवावे लागते. त्यासाठी पहिल्या हलक्या दहिवराने पाने करपली की ती कापतात, खोडाभोवती जाळीचा पिंजरा उभा करतात, त्यात कोरडा पेंढा किंवा वाळलेले नेचे भरतात आणि वर पाऊस अडवणारे छप्पर बसवतात. हा पेंढा गोधडीसारखा असतो. तो स्वतः ऊब निर्माण करत नाही. जमिनीत उन्हाळ्यापासून साठलेली आणि हळूहळू वर येणारी उष्णता तो निसटू देत नाही, आणि हे काम खरे तर पेंढ्याच्या काड्या नव्हे, तर त्यांच्यामध्ये अडकलेली स्थिर हवा करते.

याच ठिकाणी नवख्या माळ्याची सर्वांत मोठी चूक होते. पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे चोवीस पट अधिक उष्णता वाहून नेते, त्यामुळे भिजलेला पेंढा गोधडीचे काम करेनासा होतो. शिवाय खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. प्लास्टिकने ते घट्ट गुंडाळले की आतली वाफ बाहेर पडत नाही, पानांच्या कापलेल्या देठांतून बुरशी आत शिरते आणि मार्चमध्ये आवरण काढल्यावर दुर्गंधी सुटलेला गाळ हाती लागतो. इंग्लंडचा हिवाळा फार थंड नसतो, पण तो दीर्घ आणि ओला असतो, आणि माझ्या मते तेथील केळी थंडीने मरतात त्याहून अधिक ओलीने मरतात. म्हणून छप्पर जलरोधक आणि बाजू मात्र हवा खेळती राहील अशा, हा नियम पेंढ्याच्या जाडीपेक्षा महत्त्वाचा आहे.

एन्सेट या केळीच्या चुलत कुळाची गोष्ट निराळी आहे. इथिओपियाच्या उंच पठारांवरील एन्सेट व्हेंट्रिकोसम आणि विशेषतः तिचा लालसर-जांभळ्या पानांचा ‘मॉरेली’ हा प्रकार युरोपातील बागांचे भूषण आहे. या झाडाला आपोआप मुनवे फुटत नाहीत आणि जमिनीत ठेवून कंद वाचेल याची खात्री नसते. त्यामुळे शरद ऋतूत ते उपटतात, मुळांची माती झाडतात, मधली सुरळी राखून बाकीची पाने कापतात, देठांतील पाणी निथळावे म्हणून काही दिवस उलटे टेकवून ठेवतात आणि मग पाच ते दहा अंशांच्या कोरड्या, काळोख्या जागेत तसेच उभे करतात. एवढे मोठे झाड पाण्याशिवाय, उजेडाशिवाय चार-पाच महिने जगते, याचे पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटते.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना मात्र वाटू नये. आपल्याकडे कड्यांवर उगवणारी रानकेळ, जिला कवदर किंवा चवई म्हणतात, ती एन्सेट सुपर्बम, म्हणजे याच कुळातील. पावसाळ्यात काळ्या कातळाच्या फटीतून तिची हिरवीगार पाने फाकतात, आणि पाऊस संपून ऊन तापू लागले की पाने वाळून जातात. उन्हाळाभर आतला फुगीर कंद आपल्याच साठ्यावर कोरडा झोपून राहतो आणि पहिल्या पावसांनंतर जागा होतो. कुठल्याही माळ्याने न शिकवता हे झाड दर वर्षी जे करते, तेच इंग्लंडमधील तळघरात मुद्दाम घडवून आणले जाते. हे ध्यानात घेतले तर झाडाची कीव येऊन त्याला दिवाणखान्यात हीटरशेजारी ठेवण्याची चूक कुणी करणार नाही. तेथे ऊब असते, पण हिवाळ्यातील उजेड पुरेसा नसतो. झाड झोपत नाही, फिकट लांबुळकी पाने काढत साठा संपवते आणि कोरड्या हवेत त्यावर लाल कोळी ही कीड पडते.

मुनव्यांशिवाय एन्सेटची संख्या वाढवण्याची रीत इथिओपियातील शेतकऱ्यांनी फार पूर्वी शोधली, कारण तेथे कंद व खोडातील पिष्ट आंबवून केलेला ‘कोचो’ हे लक्षावधी लोकांचे रोजचे अन्न आहे. ते खोड कापतात, कंदाच्या माथ्यावरील वाढबिंदू कोरून काढतात आणि कंद मातीने झाकतात. वरच्या बिंदूचा दाब नाहीसा झाल्याने कंदावर सुप्त असलेले अनेक डोळे एकदम फुटतात. युरोपातील रोपवाटिकांतही ही रीत उपयोगी पडते.

आवरण मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये, कोरडा ढगाळ दिवस पाहून काढतात, आणि मे महिन्यातील उशिराच्या दहिवरासाठी पातळ कापड हाताशी ठेवतात. खोडाचा वरचा भाग बहुधा तपकिरी, मऊ झालेला असतो. धारदार सुरीने त्याच्या चकत्या काढत खाली जावे लागते, जोवर आतून पांढरे, टणक, पाणी झरणारे वर्तुळ दिसत नाही. काप सपाट असेल आणि दिवस थोडा उबदार असेल, तर दुपारपर्यंत त्या वर्तुळाचा मधला गाभा कडेपेक्षा काही मिलिमीटर वर आलेला नुसत्या डोळ्यांनी दिसतो: ते खालून ढकलले जाणारे पहिले पान असते.