चॅटबॉटला मेगाब्लॉक कसा समजावायचा

मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या भाच्याने त्याच्या आजीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, लोकलची माहिती देणारा एक चॅटबॉट बनवला. पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कोडिंग नवीन नवीन शिकलेला, उत्साह भरपूर. आईने विद्याविहारच्या घरी चष्मा लावून टाइप केलं, "दादरहून ठाण्याला कसं जायचं". उत्तर आलं, मध्य रेल्वेची ठाणे किंवा कल्याण लोकल पकडा. आई खूश. मग तिने विचारलं, "ठाण्याहून दादरला कसं यायचं", तर "माफ करा, मला समजलं नाही". आई म्हणाली, "अरे, ह्याने मला नेऊन सोडलं, आता परत कोण आणणार?"

भाच्याचं निदान तयारच होतं. "मामा, डेटा कमी पडतोय. चारशे प्रश्न टाकलेत, हजार टाकतो मग बघ."

चॅटबॉट बनवायला बसलेला जवळपास प्रत्येक जण इथेच अडकतो. प्रश्न आणि त्याचं उत्तर अशा जोड्या भरत जायच्या, जितक्या जास्त तितका बॉट हुशार. पण शंभर स्टेशनं धरली तर एका स्टेशनाहून दुसऱ्याला असे प्रश्न होतात १०० गुणिले ९९, म्हणजे ९,९००, आणि माणसं एकच गोष्ट दहा तऱ्हेने विचारतात, झाले ९९,०००. सुट्टी संपेल, प्रश्न संपणार नाहीत.

नुसत्या साच्यावर चालणारा बॉट जुनाच आहे. १९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला, तो समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करायचा, बाकी डोक्यात काही नाही, आणि तरी त्यांच्या सेक्रेटरीने त्यांना सांगितलं की मला ह्याच्याशी एकटीला बोलायचंय, तुम्ही जरा बाहेर जा. आणि भाच्याला हसायचं कारण नाही, कारण जीपीटी-४ सारख्या, अफाट मजकुरावरून भाषा शिकलेल्या प्रचंड मॉडेलचीही हीच फजिती झालेली आहे. २०२३ मध्ये संशोधकांनी त्याला नामवंतांचे आईवडील विचारले, टॉम क्रूझची आई कोण असं, तर ७९ टक्के वेळा उत्तर बरोबर, आणि उलट विचारलं, की ह्या बाईंचा मुलगा कोण, तर फक्त ३३ टक्के. गेला तो परत येईना, तिथेही.

आधी भाषेची गंमत सांगतो. मराठीत कुठून आणि कुठे हे शब्दांच्या जागेवर ठरत नाही, प्रत्ययावर ठरतं. "दादरहून ठाण्याला" आणि "ठाण्याला दादरहून" एकच. त्यामुळे आम्ही पूर्ण वाक्य जुळवणं सोडलं आणि फक्त "हून" कुणाला लागलंय, "ला" कुणाला लागलंय एवढंच शोधायला लावलं. एक भानगड होती, ठाणे चं ठाण्या होतं, कुर्ला चं कुर्ल्या, वांद्रे चं वांद्र्या, आणि दादर मात्र दादरच राहतं, शाळेत सामान्यरूप म्हणून शिकलो होतो ते. प्रत्येक स्टेशनाच्या नावापुढे त्याचं सामान्यरूप लिहून टाकलं आणि आईचा परतीचा प्रवास त्याच संध्याकाळी सुरू झाला.

आता खरी गोष्ट. उत्तरं भरायची नाहीत, माहिती वेगळी भरायची आणि नियम वेगळे. माहिती म्हणजे वांद्रे पश्चिम मार्गावर आहे, दादर पश्चिमवर आहे आणि मध्यवरही, ठाणे मध्यवर. नियम दोनच. एक, दोन स्टेशनं एकाच मार्गावर असली तर थेट जाता येतं. दोन, आधी थेट मधल्या एखाद्या स्टेशनला जाता येत असेल आणि तिथून पुढे जाता येत असेल, तर गाडी बदलून जाता येतं.

विचारा वांद्र्याहून ठाणे. बॉट उत्तराकडून मागे येतो. थेट आहे का? मार्ग जुळत नाहीत. मग मधलं कुठलं? अंधेरी बघतो, अंधेरीहून ठाणे थेट नाही, मागे फिर. दादर बघतो, वांद्रे-दादर पश्चिम, दादर-ठाणे मध्य, सापडलं. ह्याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात, १९७२ च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्सेयला जन्मलेली प्रोलॉग भाषा ह्याच्यावरच चालते. पहिल्यांदा चालवलं तेव्हा बॉट वांद्र्याहून अंधेरीला, अंधेरीहून वांद्र्याला, परत अंधेरीला असा फिरतच बसला आणि लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला. जाऊन आलेल्या स्टेशनांची यादी जवळ ठेवायला सांगितल्यावर थांबला.

मग बॉट म्हणाला वांद्र्याहून कुर्ला, हार्बर मार्गाने, थेट. आई लगेच, "काहीतरीच काय, वडाळ्याला बदलायला नको का?" बरोबर आहे, वडाळ्याच्या पुढे हार्बरला दोन फाटे फुटतात, एक कुर्ल्याकडे, एक माहीम-वांद्र्याकडे, आणि आम्ही दोन्हीला नुसतं हार्बर लिहिलं होतं. तर्क चोख, माहिती ढोबळ. पण चूक दोन मिनिटांत सापडली, कारण बॉट उत्तराबरोबर "कशावरून" तेही दाखवत होता. स्टॅनफर्डमध्ये १९७० च्या दशकात मायसिन नावाचा प्रोग्राम होता, रक्तातल्या जंतुसंसर्गावर औषध सुचवायचा, सुमारे ६०० नियम, आणि डॉक्टरने "का" विचारलं तर तो नियम पुढे करायचा. प्रत्यक्ष रुग्णांवर तो कधी वापरला गेला नाही, पण "का" ची सोय मला आजच्या बऱ्याच बॉटपेक्षा मोलाची वाटते.

आणि मग आला रविवार. धीमी लोकल प्रत्येक स्टेशनला थांबते, म्हणून विद्याविहारला थांबते, म्हणून आजी घराजवळून थेट दादरला जाऊ शकते. पण माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर मेगाब्लॉक असला, म्हणजे दुरुस्तीसाठी मार्ग काही तास बंद ठेवला, की धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात आणि विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर सुटतात. शाळेतल्या भूमितीत असं होत नाही, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश एकदा सिद्ध झाली की रविवारीही १८० च. रोजच्या जगात मात्र नवीन माहिती आली की जुना निष्कर्ष मागे घ्यावा लागतो, आणि साध्या तर्कशास्त्रात त्याची सोयच नाही.

एमआयटीच्या जॉन डॉयलने १९७९ मध्ये ह्यावर जो उपाय मांडला तो मला फार आवडतो. प्रत्येक निष्कर्षाला दोन याद्या चिकटवायच्या. पहिल्या यादीतलं सगळं खरं मानलेलं असलं पाहिजे, दुसऱ्या यादीतलं काहीही खरं मानलेलं नसलं पाहिजे, तरच तो निष्कर्ष "आत", नाहीतर "बाहेर". "धीमी गाडी धीम्या मार्गावरून जाते" ह्याची पहिली यादी रिकामी, दुसरीत "ब्लॉक आहे". "विद्याविहारला थांबते" ह्याच्या पहिल्या यादीत आधीचं वाक्य. "आजी थेट दादरला" ह्याच्या पहिल्या यादीत "विद्याविहारला थांबते". आता "ब्लॉक आहे" आत आलं की पहिलं बाहेर, त्यामुळे दुसरं बाहेर, त्यामुळे तिसरं बाहेर, आणि ज्यांचा ब्लॉकशी संबंध नाही ते निष्कर्ष जागचे हलत नाहीत. संध्याकाळी ब्लॉक संपला की सगळी साखळी परत आत, नव्याने विचार न करता, कारण खोडलं काहीच नव्हतं.

एक पथ्य पाळावं लागतं, दोन निष्कर्षांनी एकमेकांना टेकू देता कामा नये. साडेसातीची शांत केली म्हणून संकट टळलं, आणि संकट टळलं म्हणजे शांत लागू पडली, अशा दोन वाक्यांना बाहेरचा टेकू नसतो, डॉयलची पद्धत दोघांनाही बाहेर ठेवते. आता एआय ज्योतिषाची ॲप आलीत, त्यांच्यात ही तपासणी बसवली तर पडद्यावर काय उरेल ते बघायला मला आवडेल.

भाचा म्हणाला, एवढं कशाला, मोठं मॉडेल जोडू ना. जोड की. २०२० पासून चांगली चालणारी रीत अशी, की प्रश्न आला की आधी बाहेरच्या साठ्यातून संबंधित माहिती शोधायची, ती मॉडेलपुढे ठेवायची आणि मग त्याला बोलू द्यायचं. २०२२ मध्ये गूगलच्या संशोधकांनी हेही दाखवलं, की टप्प्याटप्प्याने सोडवलेली उदाहरणं समोर ठेवली तर मोठी मॉडेलं गणितं बरीच जास्त बरोबर सोडवतात. पण साठा नीट लागतोच, आणि वडाळ्याचा फाटा त्यात आईच घालणार.

गेल्या शनिवारी आईने पेपरातली ब्लॉकची चौकट वाचून दाखवली, भाच्याने भरली. रविवारी तिने दादर विचारलं. बॉटने सांगितलं विद्याविहारला आज दुपारी धीमी नाही, कारण ब्लॉक, घाटकोपरहून पकडा. आईने विचारलं, "मग घाटकोपरला रिक्षाने जाऊ का?"

"माफ करा, मला समजलं नाही." रिक्षाबद्दल आम्ही एक अक्षर भरलेलं नव्हतं.