विकत घेतलेला गेम हातातून कसा सुटत गेला

एप्रिल २०१४. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोवर खोदकाम चाललं होतं. अटारी कंपनीने १९८३ साली न खपलेल्या गेमच्या कॅसेट तिथे आणून पुरल्या होत्या, त्या वर काढायच्या होत्या. सुमारे १,३०० कॅसेट बाहेर आल्या. त्यांतली सगळ्यात बदनाम कॅसेट ‘ई.टी.’ या गेमची. १९८२च्या नाताळात दुकानांत पोचायलाच हवा म्हणून हा गेम एकट्या प्रोग्रॅमरकडून जेमतेम पाच आठवड्यांत करून घेतला होता, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला तेव्हा त्या पडझडीचं खापर बऱ्याच अंशी त्याच्या माथी फुटलं. तरीही ज्याच्या घरी ती कॅसेट आणि ती चालवणारं अटारी २६०० हे यंत्र चालू स्थितीत आहे, तो आजही हा गेम खेळू शकतो.

२०१४च्याच डिसेंबरमध्ये यूबिसॉफ्ट या गेम कंपनीचा ‘द क्रू’ आला. गाड्यांच्या शर्यतींचा गेम, अख्खी अमेरिका छोटी करून नकाशात बसवलेली. कंपनीने ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरून गेम चालवणारे कंपनीचे कॉम्प्युटर, बंद केले. गेम एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागत असल्यामुळे डाउनलोड केलेली प्रत काय आणि दुकानातून आणलेली डिस्क काय, दोन्ही त्या दिवशी निकामी झाल्या. काही दिवसांनी लोकांच्या खात्यांतून गेम खेळायचे परवानेही काढून घेतल्याच्या बातम्या आल्या. पुढे चाहत्यांनी स्वतः खटपट करून गेम पुन्हा चालू केला, पण विकणाऱ्याने त्यासाठी काही केलं नव्हतं.

फसलेला म्हणून पुरलेला गेम शिल्लक आहे, आणि लाखो लोकांनी आवडीने खेळलेल्या गेमला दहा वर्षंही पुरी करता आली नाहीत. आज ज्या बातम्यांवर आम्ही गेमर चिडतो, त्यांतल्या निम्म्या बातम्यांचं मूळ या फरकात आहे. हा फरक एका दिवसात पडलेला नाही.

मी नाशिकचा. नव्वदच्या दशकात पंचवटीत आमच्या आळीत दोन घरी ‘टीव्ही गेम’ होता. ती निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या गेम-यंत्राची नक्कल होती हे फार पुढे कळलं. कॅसेट पिवळ्या रंगाच्या. एकाकडे ‘काँट्रा’, दुसऱ्याकडे ‘मारिओ’, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची अदलाबदल. परत द्यायचा वार ठरलेला असायचा आणि तो चुकला की भांडण. कॅसेट लागली नाही तर काढून तळाशी फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. तिचा मालक कोण, हा प्रश्न कुणालाच पडला नाही, कारण वस्तू हातात होती. उसनी देता येत होती, रविवार कारंज्याजवळच्या मावसभावाकडे पिशवीत घालून नेता येत होती. कॅसेट बनवणाऱ्या कंपनीला आमच्या आळीत काय चाललंय हे कळायचा मार्गच नव्हता.

मग कॉम्प्युटर आले, आणि इथे आपल्या बाजूचं एक पान आहे जे झाकून पुढे जाता येणार नाही. आमच्या पिढीने ‘आयजीआय’, ‘व्हाइस सिटी’, ‘मोस्ट वाँटेड’ हे गेम बहुतेक नकली सीडीवरच खेळले. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळताना, मशीनवरची प्रत विकत घेतलेली आहे का, हे कुणी विचारलं नाही. खरी प्रत महाग होती आणि शहरात सहज मिळतही नव्हती, हे खरं. ज्यांनी ते गेम बनवले त्यांना आमच्याकडून एक पैसा गेला नाही, हेही तितकंच खरं. कंपन्या पुढे कडक का होत गेल्या, याची कारणं सांगताना हे वगळलं तर ती मांडणी प्रामाणिक राहणार नाही.

तो कडकपणा सुरू झाला त्याची तारीख सांगता येते. वाल्व्ह कंपनीने सप्टेंबर २००३मध्ये इंटरनेटवरून गेम पोचवणारी आणि पुढे विकणारी स्टीम ही सेवा सुरू केली, आणि १६ नोव्हेंबर २००४ला आलेल्या ‘हाफ-लाइफ २’ या गेमने डबाबंद डिस्क घेणाऱ्यालाही स्टीमवर खातं उघडणं भाग पाडलं. पैसे देऊन आणलेली डिस्क पहिल्यांदा खेळायची तर इंटरनेटवरून परवानगी घ्यायची. बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं जानेवारी २००५मध्ये. त्याआधी आपल्याकडे डायल-अपच्या सुरांवर भागत होतं. ओरड झाली, पण गेम इतका उत्तम होता की ती विरली. डिस्क ही वस्तू राहिली, पण तिची किल्ली दुसऱ्याकडे गेली.

२०१० साली यूबिसॉफ्टने याच्या पुढची पायरी गाठली. ‘असॅसिन्स क्रीड २’ पीसीवर एकट्याने खेळतानाही इंटरनेट सतत चालू हवं, तुटलं की गेम थांबणार. मार्चमध्ये कंपनीच्याच सर्व्हरवर हल्ला झाला, आणि पैसे भरलेले लोक आपला गेम उघडू शकले नाहीत. पुढे तपासणी काढून टाकलेली नकली प्रत निघाली, तेव्हा ती खेळणाऱ्याचं यामुळे काहीच अडत नव्हतं. भारनियमनाच्या त्या वर्षांत सतत इंटरनेट ही अट महाराष्ट्रात कुणाला झेपणार होती, हा विचार करणारं त्या बैठकीत कुणी नसावं असंच वाटतं.

२०१२च्या मे महिन्यात ‘डायब्लो ३’ या गेमच्या पहिल्याच रात्री सर्व्हरवर गर्दी झाली आणि जगभरातले लोक ‘एरर ३७’ या संदेशाकडे बघत बसले. मार्च २०१३मध्ये ‘सिमसिटी’. शहर वसवण्याचा, मुळात एकट्याने रमून खेळायचा गेम. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने त्याला सर्व्हरला जखडलं आणि पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले. ऑफलाइन खेळ शक्य नाही असं तेव्हा सांगितलं गेलं. वर्षभराने, मार्च २०१४मध्ये, तोच ऑफलाइन मोड अपडेटमधून आला. कंपनी ‘शक्य नाही’ म्हणते तेव्हा मला दर वेळी हे उदाहरण आठवतं.

२०१३चा उन्हाळा मात्र नीट बघायला हवा. मायक्रोसॉफ्टने २१ मेला एक्सबॉक्स वन हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, जाहीर केला. त्याच्या अटी हळूहळू बाहेर आल्या: दर २४ तासांतून एकदा इंटरनेटवर तपासणी, आणि वापरलेली डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधनं. जूनमध्ये लॉस एंजलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात सोनीने मंचावरून सांगितलं की आपल्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलवर असलं काही नसेल. सोबत काही सेकंदांची चित्रफीत प्रसिद्ध केली: एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, झालं शेअरिंग. शिवाय किंमत ३९९ डॉलर, समोरच्याची ४९९. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने अटी मागे घेतल्या.

आम्ही तो विजय मानला. नाशिकमध्ये पुढची कित्येक वर्षं प्लेस्टेशन ४च्या डिस्क हातोहात फिरल्या. गंगापूर रोडच्या मुलाने संपवलेला गेम सिडकोतला मुलगा निम्म्या किमतीत घ्यायचा, तो संपवून नाशिक रोडला विकायचा. चार-पाच हजारांच्या गेमचा खर्च तीन घरांत वाटला जायचा. मध्यमवर्गीय घरात कन्सोल परवडला तो यामुळे.

पण जी अट दारातून परतवली ती स्टोअरमधून आत आली, आणि ते आमच्या लक्षात आलं नाही. डाउनलोड केलेला गेम उसना देता येत नाही, विकता येत नाही, आणि तो उघडायला खातं लागतं. म्हणजे २०१३मध्ये नाकारलेलं जवळजवळ सगळं, आणि ते आम्ही सोय म्हणून स्वीकारलं. नोव्हेंबर २०२०मध्ये प्लेस्टेशन ५ची एक आवृत्ती डिस्क ड्राइव्हशिवाय आली. नोव्हेंबर २०२४मध्ये सगळ्यात महागडा प्लेस्टेशन ५ प्रो आला, त्यात तर ड्राइव्ह नाहीच. हवा तर वेगळा विकत घ्यायचा.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. नोव्हेंबर २०१५मध्ये स्टीमवर किमती रुपयांत दिसू लागल्या. सेलमध्ये दोन-तीनशे रुपयांत चांगले गेम मिळायला लागले, नकली सीडीची गरज संपली. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी आयुष्यातला पहिला गेम तेव्हा पैसे देऊन घेतला, मीही त्यांतलाच. तो ‘घेतला’ असं वाटण्यात जो आनंद होता तो खरा होता. पण प्रामाणिकपणे पैसे मोजायला आम्ही शिकलो, तोवर वस्तू विकणं बंद होऊन परवाना विकणं सुरू झालेलं होतं. नकली सीडी आजही माळ्यावर पडलेली असेल. पैसे देऊन घेतलेला गेम मात्र कंपनीच्या मर्जीवर. हे मला मनापासून टोचतं.

मोबाइलवर खेळणाऱ्या आपल्या मुलांना हा अनुभव सरकारी निर्णयातून आला. २ सप्टेंबर २०२०ला केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात ‘पबजी मोबाइल’ होता. ३० ऑक्टोबरला भारतातल्या खेळाडूंसाठी सर्व्हर बंद झाले. जुलै २०२१मध्ये तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणून परतला, जुलै २०२२मध्ये स्टोअरमधून पुन्हा गेला, मे २०२३मध्ये पुन्हा आला. बंदीचं कारण सुरक्षेचं होतं, त्यात कंपनीच्या धंद्याचा निर्णय नव्हता. पण पॉकेटमनीतून घेतलेले गेममधले पोशाख आणि बंदुकांच्या स्किन (सजावटी) कुणाच्या, हा प्रश्न दहावी-बारावीतल्या मुलांना पहिल्यांदा तेव्हा पडला.

मालकी अशी हातची जाण्यावर मोठा संताप कधी उसळला नाही, याचंही कारण आहे. नोव्हेंबर २०१७मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’मधल्या लूट बॉक्सवरून, म्हणजे आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या खोक्यांवरून, लोक पेटून उठले, कारण खिशातून पैसा जाताना दिसत होता. एप्रिल २०१८मध्ये बेल्जियमच्या जुगार नियामकांनी असे बॉक्स जुगारात मोडतात असं सांगितलं. मालकी जाते ती डोळ्यांदेखत जात नाही. सर्व्हर बंद झाल्याच्या दिवशी कळतं, आणि तोवर बहुतेक जण दुसऱ्या गेमकडे वळलेले असतात.

‘द क्रू’च्या वेळी ते तसं घडलं नाही. जानेवारी २०२४मध्ये यूबिसॉफ्टच्या सबस्क्रिप्शन विभागाच्या प्रमुखाने एका मुलाखतीत म्हटलं होतं की, गेम आपल्या मालकीचा नसण्याची खेळाडूंना सवय व्हायला हवी. ते वाक्य ताजं असतानाच सर्व्हर बंद झाले. रॉस स्कॉट या यूट्यूबरने एप्रिल २०२४मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. मागणी साधी: सर्व्हर कायम चालवा असं कुणी म्हणत नाही, बंद करताना गेम खेळता येईल अशा स्थितीत सोडा. सप्टेंबरमध्ये यूबिसॉफ्टने ‘द क्रू’च्या पुढच्या दोन भागांना ऑफलाइन मोड देण्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियात कायदा झाला की परवाना विकत असाल तर तसं स्पष्ट लिहा. १ जानेवारी २०२५पासून तो लागू आहे, आणि स्टीमने ऑक्टोबरमध्येच पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. युरोपीय संघातल्या नागरिक-याचिकेने जुलै २०२५मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला.

कंपन्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. गेममध्ये खऱ्या गाड्या आणि गाणी वापरायचे परवाने मुदतीचे असतात. सर्व्हर लोकांच्या हाती दिला तर तिथे घडणाऱ्या गैरप्रकारांची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न खोटा नाही. पण नवीन विक्री थांबवणं वेगळं आणि विकलेलं मोडून टाकणं वेगळं. सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. कंपनीने सगळ्यांचे पैसे परत केले, आणि मी त्याला न्याय्यच म्हणेन. पण तो गेम आता बघायचा म्हटला तर कुठे बघणार?

नाशिककराला हे लवकर समजावं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांचं निधन १९४४ साली नाशिकमध्येच झालं. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची पूर्ण प्रत आज कुठेही नाही, काही रिळं तेवढी उरली. त्यांचे बहुतेक चित्रपट गेले. तेव्हाची फिल्म चटकन पेट घेणारी आणि लवकर खराब होणारी होती, आणि ती जपायची व्यवस्थाही उभी नव्हती. गेमच्या बाबतीत, जुलै २०२३मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी करून सांगितलं की २०१०पूर्वी तिथे आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ग्रंथालयांना असे गेम अभ्यासकांपर्यंत दुरून पोचवू द्या, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये फेटाळली. नाशिकचं १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय पुस्तकं घरी नेऊ देतं, आणि त्यासाठी त्याला प्रकाशकाच्या सर्व्हरची गरज पडलेली नाही.

भारतात यावर स्वतंत्र कायदा नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ अशी व्याख्या आहे, आणि सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट त्यात मोडते. मात्र अशी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे करावी लागते. हजार-दीड हजाराच्या गेमसाठी तिथवर जाणारा माणूस विरळाच. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्याने बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, मान्यता दिली. पैसे देऊन घेतलेला गेम कंपनीने बंद केला तर काय, हा विषय त्या कायद्यात आलेला नाही.